इंजिन तापतं कशाने

थंडपणा हा माझा धंदा आहे. म्हणजे मी फ्रीज विकतो. गिऱ्हाईक फ्रीजचं दार उघडून आत डोकावतं आणि विचारतं, "हा कितपत थंड करतो हो?" मी नुसता हसतो. ते हसणं असं असतं की एका दाराचा घ्यायला आलेला माणूस दोन दारांचा घेऊन जातो. त्यामुळे माझ्या सासऱ्यांच्या होडीचं इंजिन तापायला लागलं आणि घरात सगळ्यांचे चेहरे पडले, तेव्हा जेवता जेवता मी सहज म्हणालो, "यात एवढं काय आहे? गरम झालेली वस्तू थंड करायची. शुक्रवारी रजा टाकतो आणि दुपारच्या चहाच्या आत आटपून देतो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "आपला फ्रीज बिघडला तेव्हा कुणाला बोलावलं होतंस?"

"तो वॉरंटीत होता म्हणून बोलावलं," मी म्हणालो, आणि भात वाढून घेतला.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळं बंदर कप्तान म्हणतं. ते कधीही कप्तान नव्हते. बंदरावर माल उतरायचा तिथे ते वजनकाट्यापाशी कारकून होते आणि निवृत्त होईपर्यंत पेट्यांची वजनं सांगत होते. पण त्यांच्याकडे एक होडी होती, डोक्यावर टोपी होती आणि आवाज असा होता की पलीकडच्या काठावरचा माणूस वळून बघायचा. एवढ्यावर कप्तान होता येतं.

होडी छोटी, चार माणसांची. मागे इंजिन टांगलेलं. कप्तान कायम पुढच्या टोकाला बसत, पाय फाकवून, आणि कुठे वळायचं ते बोटाने दाखवत. मागे बसून इंजिनाचा दांडा धरून होडी प्रत्यक्ष चालवायच्या त्या माझ्या सासूबाई. हे लग्नापासून असंच चालत आलं होतं. लोक म्हणायचे, कप्तान काय होडी चालवतात! सासूबाई काहीच म्हणायच्या नाहीत. त्यांची अंगकाठी अशी की वारा आला तर आम्हीच त्यांना धरायचो.

तर गेल्या वर्षीपासून हे इंजिन भर पाण्यात तापायचं आणि पींऽऽ करून शिट्टी मारायचं. शिट्टी झाली की बंद करायचं, नाही तर जळालंच. दोन वेळा कप्तान असे पाण्यात अडकले आणि दोन्ही वेळा त्यांना चष्मेवाल्याने ओढून आणलं. चष्मेवाल्याचं धक्क्यासमोर चष्म्यांचं दुकान आहे. त्याची स्वतःची होडी इतकी जुनी की तिच्यात लाकूड किती आणि ठिगळं किती हे त्यालाच माहीत. त्या होडीला दोर बांधून कप्तान आले, तेही सगळं बंदर बघत असताना. दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "ज्याने ओढून आणली त्यालाच होडी देऊन टाकतो."

बायको त्यांच्याशी भांडली. ती याच होडीत लहानाची मोठी झाली. शेवटी एवढंच ठरलं की रविवारी सकाळी चष्मेवाला येईल. त्याच्यादेखत, कप्तानांना बसवून, होडी पाण्यात खुणेसाठी सोडलेल्या तांबड्या बोयापर्यंत जाऊन, शिट्टी न मारता परत आली, तर होडी घरात राहील आणि बायकोच्या नावावर होईल. नाही तर तिथल्या तिथे चष्मेवाल्याची.

"होडी गेली तर मला नुसतं वाईट वाटेल असं समजू नकोस," बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली. "मी रडेन. बाबांसमोर रडेन."

कप्तानांसमोर आजवर कुणी रडलेलं नाही. मी शुक्रवारी सकाळीच सासरी जाऊन थडकलो.

या इंजिनाचं गार होणं कसं असतं ते तुम्हाला सांगतो, म्हणजे पुढचा गोंधळ माझ्याइतकाच तुमच्याही लक्षात येईल. इंजिनाचा एक पाय पाण्यात असतो. त्या पायाला जाळी. जाळीतून पाणी आत ओढलं जातं, आतलं एक रबरी चक्र ते वर ढकलतं, पाणी इंजिनभर फिरतं आणि शेवटी मागच्या एका भोकातून बारीक धार होऊन बाहेर पडतं. धार पडते आहे म्हणजे इंजिन गार आहे. धार थांबली की पाचेक मिनिटांत शिट्टी. बस, एवढंच.

मी इंजिन काढून अंगणात आणलं. लाकडी घोडीवर टांगलं आणि त्याचा पाय पाण्याने भरलेल्या पिंपात सोडला. दुकानाबाहेर पिंपात इंजिन तपासणारे लोक मी पाहिले होते. दोरी ओढली. इंजिन सुरू झालं आणि मागून धार आली, चांगली बोटभर जाड.

"धार आहे," मी म्हणालो.

"मग तापत का होतं?" सासूबाईंनी विचारलं. त्या दोरीवर चादरी वाळत घालत होत्या.

"भोकात कचरा असणार. आता गेला." मी एक तार घेऊन भोकात घातली, काढली, पुन्हा घातली. काही निघालं नाही. पण धार पूर्वीपेक्षा छान वाटली. मग विचार केला, इंजिन जोरात चालवून बघू. एक खटका होता, तो ढकलला.

तो खटका पंखा फिरवण्याचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. पाण्यातला पंखा गरकन फिरला आणि पिंपातलं सगळं पाणी उठून उभं राहिलं. पुढे ते अंगणात, माझ्या अंगावर आणि धुतलेल्या चादरींवर पडलं. पिंप कोरडं झालं. इंजिन मात्र शांत होतं. शिट्टी वगैरे काही नाही.

"बघा, आई," मी चेहरा पुसत म्हणालो, "अजिबात तापलं नाही."

सासूबाईंनी चादरी काढून पुन्हा धुवायला नेल्या.

दुपारी इंजिन होडीला बसवलं. बायको अर्धी रजा घेऊन आली होती. ती मधल्या फळीवर बसली, मी मागे दांडा धरून बसलो आणि आम्ही निघालो. धार सतत होती. बोयाला वळसा घातला, परत आलो, पुन्हा गेलो. शिट्टी नाही. बायकोच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की मला वाटलं फ्रीजचं दुकान सोडावं आणि याच धंद्यात पडावं.

"तू खरंच केलंस रे," ती म्हणाली.

"कचरा होता," मी म्हणालो.

धक्क्यावर कप्तान उभे होते. "मला घेऊन चला. मी बघितल्याशिवाय मानत नाही." ते पुढे जाऊन बसले, टोपी नीट केली आणि बोटाने समुद्र दाखवला. जणू मला तो सापडला नसता. आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर मी मागे वळून पाहिलं तर धार बारीक झाली होती. मग थुंकल्यासारखी पचक पचक पडायला लागली. मग थांबली. थोड्या वेळाने पींऽऽ.

कप्तान मागे वळून माझ्याकडे बघत राहिले. मी इंजिन बंद केलं. आम्ही वल्ह्याने परत आलो. म्हणजे वल्हं मी मारलं, दिशा ते दाखवत होते.

मी संध्याकाळीच सुट्या भागांच्या दुकानात गेलो. तिथला माणूस गिऱ्हाईक बघायच्या आधी निदान सांगतो. "रबरी चक्र गेलं," तो म्हणाला.

"पण दुपारी चाललं होतं."

"असंच असतं. जातं, येतं, मग कायमचं जातं."

हे मला माणसांबद्दल पटलं असतं. रबराबद्दल नाही पटलं, पण चक्र घेतलं.

शनिवारीही रजा टाकली आणि सकाळीच इंजिनाचा खालचा पाय उतरवला. मोबाईलवर एक माणूस हेच काम करून दाखवत होता. त्याचं इंजिन वेगळं होतं आणि भाषाही मला येत नव्हती, पण त्याचा आत्मविश्वास बघून धीर आला. जुनं चक्र निघालं. ते नव्यासारखंच होतं. दोन्ही हातात घेतल्यावर नवं कुठलं तेच मला सांगता येईना, म्हणून एक अंदाजाने बसवलं. सगळं परत जोडलं. अशा वेळी लोकांकडे एखादा बोल्ट उरतो असं ऐकलं आहे. उरला असता तर मी समजू शकलो असतो. माझ्याकडे एक कमी पडला.

"आई, तुम्ही बोल्ट पाहिलात का?"

"चादरींत बघा," सासूबाई म्हणाल्या. आणि खरंच, ओल्या चादरीच्या घडीत तो सापडला. तो तिथे कसा गेला हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

पुन्हा पिंप. धार उत्तम. पुन्हा मी आणि बायको पाण्यात. धार उत्तम. पुन्हा कप्तान पुढे बसले. धार बंद, पींऽऽ.

मी परत दुकानात. "मग थर्मोस्टॅट," तो माणूस म्हणाला. मी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, काढून पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकला. सासूबाई झाकण घेऊन उभ्या राहिल्या. तो उघडायला हवा तेव्हा उघडत होता आणि मिटायला हवा तेव्हा मिटत होता. असं शहाणं वागणारं इंजिनात दुसरं काही नव्हतं. पिंपात चाललं. बायकोबरोबर चाललं. कप्तान बसले. पींऽऽ.

आता माझं डोकं तापायला लागलं. इंजिनात सगळं नवं किंवा तपासलेलं. पिंपात चालतं, मी आणि बायको असताना चालतं, कप्तान असले की बंद पडतं. मी धक्क्यावर बसून बराच विचार केला आणि एका निष्कर्षापर्यंत आलो. तो बायकोला सांगितला.

"इंजिन बाबांना घाबरतं."

"काय?"

"म्हणजे बघ. ते सारखे बोट दाखवतात. इकडे वळ, तिकडे वळ, वाढव, कमी कर. मी गोंधळतो, दांडा कमी-जास्त होतो आणि इंजिन तापतं. ते गप्प बसले तर चालेल."

"माझ्या वडिलांमुळे इंजिन तापतं असं म्हणायचंय का तुला?"

"त्यांच्यामुळे नाही. त्यांच्या बोटामुळे."

बायको चिडली. पण शनिवारची संध्याकाळ व्हायला आली होती आणि दुसरा उपाय दोघांपाशीही नव्हता. तिने वडिलांना जाऊन सांगितलं की एक फेरी अशी करा की तोंड बंद आणि हात मांडीवर. काय बोलणं झालं मला माहीत नाही. ती परत आली तेव्हा तिचे कान लाल होते. कप्तान मात्र आले. पुढे बसले. हात मांडीवर ठेवले. समुद्राकडे तोंड करून असे बसले की देवळातही मी त्यांना इतकं गप्प पाहिलेलं नाही. मी दांडा स्थिर धरला. एकदाही हलवला नाही. त्यामुळे आम्ही सरळ एका उथळ जागेकडे निघालो होतो आणि ते काही बोलेनात.

पींऽऽ.

परत आल्यावर कप्तान धक्क्यावर उतरले आणि पहिल्यांदा बोलले. "जावईबापू, एक विचारू? मी नसलो की चालतं. मी बसलो की बंद. मला होडीत घ्यायचं नाही असं तुम्ही दोघांनी ठरवलंय का?"

"नाही हो, बाबा."

"की चष्मेवाल्याशी काही बोलणं झालंय?"

"माझं? त्याच्याशी? मी तर चष्माही लावत नाही."

"मग कोण बंद करतं ते?"

घरी जाताना बायको मला हळूच म्हणाली, "मला वाटतं बाबाच काहीतरी करतात. त्यांना होडी देऊनच टाकायची आहे. तोंडाने बोलता येत नाही, म्हणून." कप्तानांना वाटत होतं मी काहीतरी करतो. मला आधी इंजिनाचा संशय होता, मग चष्मेवाल्याचा, आणि आता तर स्वतःचाही येऊ लागला होता. सासूबाईंना कुणाचाच संशय नव्हता. त्यांनी चादरी तिसऱ्यांदा वाळत घातल्या होत्या.

रविवार उजाडला. चष्मेवाला आला. सडपातळ माणूस, अदबशीर, नाकावर दुकानातला सगळ्यात महागडा चष्मा. "मला काही घाई नाही हं," तो म्हणाला. हातात त्याने गुंडाळलेला दोर आणला होता. "असू दे आपला बरोबर. लागला तर लागला." बायकोने त्या दोराकडे असं पाहिलं की त्याने तो पाठीमागे लपवला.

सासूबाई म्हणाल्या, मला बघवणार नाही, मी घरीच थांबते. कप्तान पुढे. मधल्या फळीवर बायको आणि चष्मेवाला. मागे मी. निघालो. बायको सारखी वळून धार बघत होती. कप्तानांनी या वेळी बोट दाखवलं नाही. मांडीवरची मूठ आवळून बसले होते. माझ्या लक्षात आलं की यांनाही होडी जायला नको आहे. आजवर मला हे कळलंच नव्हतं.

अर्ध्या वाटेत धार बारीक झाली. मी मनातल्या मनात तिला विनवायला लागलो. ती थुंकायला लागली. थांबली. बायकोने डोळे मिटून घेतले.

पींऽऽ.

इंजिन बंद. होडी लाटांवर तरंगत राहिली. तांबडा बोया लांब दिसत होता. चष्मेवाला घसा खाकरून म्हणाला, "दोर आहे. कुणाची होडी दिसते का बघू या."

"बाबा," बायको म्हणाली, "तुम्हीच काहीतरी करताय. द्यायची तर सरळ द्या ना. हे नाटक कशाला?"

"मी?" कप्तान गरकन वळले. "मी इथे बसलोय, इंजिन तिथे आहे. माझे हात काय एवढे लांब आहेत? जो मागे बसलाय तोच करतो." ते उठले. होडी डुलली, चष्मेवाल्याने फळी पकडली. कप्तान आम्हा सगळ्यांच्या मधून वाट काढत मागे आले आणि माझ्या शेजारी धपकन बसले. "गार झालं की लावा आता. माझ्या डोळ्यांसमोर लावा. बघतो काय करता ते."

थोडा वेळ थांबून मी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं आणि धार आली. बोटभर जाड. आम्ही चौघंही तिच्याकडे बघत राहिलो. ती थांबली नाही.

"बघितलंत?" कप्तान म्हणाले. "नजर ठेवली की चालतं." आणि समाधानाने उठून पुढे जाऊन बसले.

धार थांबली.

ते परत मागे आले. धार सुरू झाली. पुढे गेले. थांबली. तिसऱ्यांदा ते पुढे निघाले तेव्हा मी इंजिनाकडे न बघता इंजिनाच्या खाली पाहिलं. कप्तान पुढच्या टोकाला बसले आणि होडीचं पुढचं तोंड खाली गेलं. मागचं टोक वर उठलं. त्याच्याबरोबर इंजिन वर उठलं, आणि इंजिनाच्या पायाची ती जाळी हळूच पाण्याबाहेर आली. पाण्याऐवजी हवा ओढायला लागली. फुर्र.

एवढंच होतं. चक्र नाही, थर्मोस्टॅट नाही, कचरा नाही. सासरेबुवा पुढे बसले की धक्क्याजवळच्या संथ पाण्यात जाळी जेमतेम बुडलेली राहते आणि बाहेर लाटा लागल्या की पाण्यातून वर येते. हे समजणारा मी त्या क्षणी जगातला एकटा माणूस होतो आणि मला तसं व्हायचं नव्हतं. कारण आता हे त्यांना सांगायचं होतं.

"बाबा," मी म्हणालो, "होडी पुढून जरा खाली जाते आहे."

"मग?"

"आणि मागून जरा वर येते आहे."

"मग?"

"मध्ये काही नाही."

"जावईबापू, काय ते सरळ बोला."

मी सरळ बोलायचा प्रयत्न केला. फ्रीजमध्ये पुढच्या बाजूला जास्त सामान ठेवलं तर काय होतं इथून सुरुवात केली. कप्तानांना काही कळलं नाही. चष्मेवाल्याला कळलं. पण तो बिचारा होडी घ्यायला आलेला, तो कशाला बोलेल? त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. शेवटी बायको वाकून खाली बघून आली. तिलाही कळलं.

"बाबा, तुम्ही जड आहात," ती म्हणाली.

जन्मभर वजनं सांगितलेला माणूस. त्याला त्याचं वजन कुणी सांगितलं नव्हतं. कप्तानांनी टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली.

"तुम्ही पुढे बसलात की इंजिन पाण्याबाहेर येतं. मागे बसा, म्हणजे चालेल," ती पुढे म्हणाली.

"कप्तान मागे बसत नाही."

"मग होडी द्या यांना."

इंजिन मी बंद केलं होतं. पाणी होडीला लागून बुळुक बुळुक वाजत होतं. कप्तान पुढे तोंड करून बसले होते, त्यांची नुसती पाठ दिसत होती. रुंद पाठ होती, आता कळलं तसं.

"बाबा," बायको म्हणाली, "मला होडी हवी आहे आणि होडीत तुम्ही हवे आहात. तुम्ही पुढे बसता की मागे, याने मला काहीही फरक पडत नाही. खरंच नाही पडत." आणि ती रडायला लागली, सांगितलं होतं तशी, बाबांसमोर.

कप्तान उठले. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, चष्मेवाल्याला म्हणाले, "सरका जरा," आणि येऊन माझ्या शेजारी बसले. मला अर्धीच जागा उरली. "लावा," ते म्हणाले.

आम्ही बोयाला वळसा घातला. धार एकदाही तुटली नाही. परत येताना कप्तान बराच वेळ दांड्याकडे बघत होते. मग म्हणाले, "जरा बघू." मी दांडा दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो हातात घेतला होता. होडी आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग एक गोल फिरली आणि मग सरळ धक्क्याकडे निघाली. कप्तान एवढे हसलेले मी पाहिले नव्हते.

"पण मग इतकी वर्षं कसं चाललं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"गेल्या वर्षी मागची फळी कुजली, तर नवी करून घेतली," कप्तान अभिमानाने म्हणाले. "सुताराला सांगितलं, चांगली चार बोटं उंच कर. मजबूत दिसली पाहिजे." इंजिन त्याच फळीला टांगलेलं. म्हणजे इंजिनही चार बोटं उंच. हे त्यांनी शुक्रवारीच सांगितलं असतं तर माझ्या दोन रजा आणि सासूबाईंच्या चादरी वाचल्या असत्या. पण विचारलं कुणी होतं?

होडी बायकोच्या नावावर झाली. धक्क्यावर उतरल्यावर कप्तान चष्मेवाल्याला म्हणाले, "तुम्हाला शब्द दिला होता, पण होडी देता येत नाही. आता दर रविवारी तुम्ही आमच्याबरोबर यायचं. नाही म्हणायचं नाही." चष्मेवाला नाही म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे धक्क्यावर जमलो. दांडा धरून मागे कप्तान. मध्ये बायको आणि सासूबाई. राहिली पुढची एक जागा. पुढे हलका माणूस हवा हे आता सगळ्यांना माहीत होतं. आधी मी बसून बघितलं, मग चष्मेवाला बसला. कप्तानांनी मागे वाकून धार पाहिली.

"तुमच्या वेळी जरा बारीक वाटली, जावईबापू."

मला तरी काही फरक दिसला नाही. पण कप्तानांची नजर वजनकाट्यावर घडलेली, त्यांच्याशी वाद कोण घालणार? मी म्हणालो की एक साधा उपाय आहे, फळी चार बोटं कापून टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे. मग कुणीही कुठेही बसा.

"चांगली फळी आहे, कशाला कापायची?" कप्तान म्हणाले. त्यांचा हात दांड्यावरून हलला नव्हता.

"नका हो कापू," सासूबाई म्हणाल्या. "लग्नापासून होडी चालवत आले. आज पहिल्यांदा नुसती बसून पाणी बघते आहे."

मी बायकोकडे पाहिलं. तिने माझा हात धरला. "तुझ्यामुळेच होडी राहिली," ती म्हणाली, अगदी मनापासून. "पण बाबा किती खूश आहेत बघ. फळी राहू दे ना."

मग मी फळी राहू दिली. होडीला धक्का दिला, ती हलली. सगळ्यांनी हात केले, चष्मेवाल्याने जरा जास्तच केला.

तेव्हापासून दर रविवारी ते जातात. होडी सुटताना खांबाची दोरी सोडायला आणि परत आल्यावर ती पकडायला धक्क्यावर एक माणूस लागतोच. ते काम मला आता बऱ्यापैकी जमतं.